दोनशे सत्तर मिलिमीटरची पायरी

मित्रांनो, मी एक जुना बंपर आहे. गाडीच्या मागे असतो ना, तो. पुढच्या बंपरकडे सगळे बघतात, त्याला पुसतात, त्याच्याजवळ उभं राहून फोटो काढतात. मागच्याची आठवण होते ती कुणी येऊन धडकलं तरच. त्यामुळे आमच्या जातीच्या कुणी आपली गोष्ट सांगितल्याचं तुम्ही ऐकलं नसेल. मी सांगणार आहे. मला ती सांगून टाकायची आहे, कारण काही वर्षं मला सगळं कळत होतं आणि मला एक शब्दही बोलता येत नव्हता. तो काळ आठवला की अजून माझ्या जोडांमध्ये कळ येते.

माझा जन्म गाडीसाठी झालेला नव्हता. एका कागदाच्या गोदामाच्या छपराखाली मी लोखंडाचा आडवा चॅनेल, म्हणजे तुळई, म्हणून तीस वर्षं राहिलो. पाच मिलिमीटर जाड, अंगात एकही पीळ नाही. हे मिरवायला सांगत नाही. बरं, थोडं मिरवायलाही सांगतो. गोदाम पाडलं तेव्हा मला एका वर्कशॉपच्या मागच्या भिंतीला टेकवून ठेवलं. तिथे मी एक उन्हाळा आणि एक हिवाळा काढला. माझ्या शेजारी एक तुटकी शिडी होती, ती दिवसभर रडगाणं गायची.

वर्कशॉपच्या मालकाला सगळे मिलिमीटर मामा म्हणत. खरं नाव त्यांच्या बायकोलाच आठवत असेल. ते सगळं मिलिमीटरमध्ये मोजत. गिऱ्हाइकाने सांगितलं, “मामा, वीतभर पट्टी द्या,” तर ते चष्म्यावरून बघत आणि म्हणत, “वीत तुझी की माझी?” एकदा त्यांनी डॉक्टरला स्वतःची उंची एक हजार सहाशे चाळीस सांगितली होती. पण हात असा, की त्यांनी जोडलेला सांधा बोट फिरवूनही सापडत नसे.

एके दिवशी त्यांच्या दारात एक हिरवी जीप येऊन उभी राहिली. अठ्ठावीस वर्षांची, चौकोनी तोंडाची, उंच चाकांची. घरात तिला म्हातारी म्हणत. तिच्यातून उतरला तो तिचा मालक, धंद्याने रंगारी. त्याच्या नखांत कायम रंग असे. त्या दिवशी फिकट पिवळा होता. मागच्या दाराने उतरली त्याची धाकटी बहीण. ती त्याला दादा म्हणे, म्हणून मीही दादाच म्हणतो. तो तिला चिमणी म्हणे. ती वस्तीवरच्या शाळेत गणित शिकवायची, आणि चिमणी हे नाव शाळेत कुणाला कळू नये म्हणून फार जपायची. अर्थात ते साऱ्या शाळेला माहीत होतं.

आता जरा नीट ऐका, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे. चिमणीची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली होती. आठवड्यातून तीनदा, सोमवारी, बुधवारी आणि शुक्रवारी, तिला खाली शहरातल्या रुग्णालयात जाऊन चार तास मशीनला जोडून घ्यावं लागे. ते मशीन तिचं रक्त धुऊन परत देई. एक खेप चुकली तर सूज चढायची. दोन चुकल्या तर काय होईल ते डॉक्टरांनी सांगितलं होतं, आणि घरात त्यावर कुणी बोलत नसे. वस्ती आणि शहर यांच्यामध्ये चाळीस किलोमीटर होते, आणि सुरुवातीलाच एक ओढा. ओढ्यावर पूल नव्हता, पाण्याखालून जाणारा सिमेंटचा उतार होता, तोही जागोजागी फुटलेला. तिथून पलीकडे शहरापर्यंत नेऊ शकणारी वस्तीवरची एकच गाडी होती, म्हातारी.

म्हातारीचा मूळचा मागचा बंपर पातळ पत्र्याचा होता. ओढ्यातल्या दगडांनी त्याचं पार पापड करून टाकलं होतं. इतक्या जुन्या गाडीचा बंपर आता कुठे तयार मिळत नाही. शिवाय दादाला साधा बंपर नकोच होता.

“मामा, दोन गोष्टी पाहिजेत,” तो म्हणाला. “एक, दोन्ही टोकांना जाड कडी. गाडी ओढ्यात रुतली तर मागून साखळी लावून ओढता आली पाहिजे. आणि दुसरं, मध्ये पायरी. हिला मागून चढावं लागतं, पुढच्या सीटवर बसवत नाही.”

“चढता येतं मला,” चिमणी म्हणाली. “हा उगाच बाऊ करतो.”

“बाऊ करू दे त्याला, भाऊ आहे,” मामा म्हणाले आणि पुठ्ठा शोधायला आत गेले. कुठलंही काम लोखंडावर करण्याआधी ते पुठ्ठ्यावर करत. रंगाच्या डब्यांचं एक रिकामं खोकं त्यांनी फाडलं, म्हातारीच्या पाठीला लावलं, पेन्सिलने वळणं काढली, कापलं, पुन्हा लावलं. असं सहा वेळा. मग त्यांनी चिमणीला भिंतीपाशी उभं केलं आणि तिच्या पायाशेजारी मोजपट्टी धरली.

“उचला पाय. जितका सहज उचलता येतो तितका.”

तिने उचलला. दादा बघत होता. तिचा चेहरा हसरा होता, पण भिंतीला टेकलेला हात पांढरा पडला होता. तो हात मला दिसला, कारण मी त्याच भिंतीला होतो.

“दोनशे सत्तर,” मामा म्हणाले आणि पुठ्ठ्यावर आकडा लिहिला.

“बघ, म्हटलं नव्हतं?” ती दादाला म्हणाली.

मला मग टेबलावर घेतलं. ग्राइंडरने माझी टोकं तिरकी कापली, म्हणजे चढावर ती जमिनीला घासणार नाहीत. दोन कड्या जोडल्या. मधोमध खडबडीत पत्र्याची दुमडती पायरी बसवली. खाली पाडली की जमिनीपासून बरोबर दोनशे सत्तरवर थांबायची, वर उचलली की माझ्या पोटाशी चिकटायची. दादाने मला स्वतः रंगवलं. आधी खरवडून काढलं, मग पॉलिश पेपर, मग प्रायमर, मग दोन दिवस वाळवणं, मग काळ्या रंगाचे दोन हात. असा हात माझ्यावर आधी कधी फिरला नव्हता. मी चमकत होतो आणि मला वाटत होतं, आता जग माझ्या मागे उभं राहील.

बसवण्याचा दिवस रविवार होता. रविवारच का, तर सोमवारी पहाटे म्हातारीला निघायचं होतं. मामा गाडीखाली सरपटत गेले. गाडीचा सांगाडा म्हणजे चॅसी. त्या चॅसीची दोन लांब हाडं मागे जिथे संपतात, तिथे मला प्रत्येक बाजूला चार बोल्टांनी जखडायचं होतं. ती हाडं काळीभोर, गुळगुळीत होती. दादा दर वर्षी म्हातारीच्या पोटाला डांबरी रंग मारायचा. जीव ओतून मारायचा, कोपरे न कोपरे.

मामांनी हातोडीने हाडावर टक् केलं. आवाज बसका आला.

“बद्द वाजतंय रे,” ते म्हणाले.

“थर जाड आहे मामा, म्हणून,” दादा म्हणाला. “पाच वर्षांचे हात आहेत त्यावर. पाणी आत जाऊच शकत नाही.”

मामांनी ड्रिल लावलं. ते लोण्यात गेल्यासारखं आत गेलं. भोकातून काळी साल आली, आणि तिच्या मागून लालसर, ओलसर भुगा. मामांनी तो बोटावर घेतला. चष्मा वर केला. मित्रांनो, ज्या माणसाने एका पायरीसाठी सहा वेळा पुठ्ठा कापला, त्याने त्या वेळी खिशातला स्क्रू-ड्रायव्हर काढून एकदा, फक्त एकदा, त्या काळ्या सालीत खुपसायला हवा होता. पण साल रंगाऱ्याची होती, आणि तो रंगारी समोर उभा होता. दुसऱ्या कारागिराचं काम त्याच्या देखत उकरायचं नाही, ही मामांची रीत. त्यांचं स्वतःचं वेल्डिंग कुणी असं ठोकून पाहिलं असतं तर त्यांनी त्याला हाकलून दिलं असतं.

“थोडा गंज आहे,” ते म्हणाले.

“फार आहे का?”

मामांनी गाडीखालून मान बाहेर काढली. वर चिमणी म्हातारीच्या मागच्या सीटवर पाय लांब करून बसली होती, मांडीवर मुलांच्या वह्या. हाडं उघडायची म्हणजे गाडी महिनाभर उभी राहणार. महिन्यात बारा-तेरा खेपा. हा हिशेब तिघांनाही तोंडपाठ होता.

“ड्रिलचं बिट नवीन आहे, म्हणून पटकन गेलं असेल,” मामा म्हणाले. दादा “तेच” म्हणाला. आठ बोल्ट आवळले गेले.

मी मात्र आवळला जाताच ओळखलं. बोल्ट धरून ठेवणारं लोखंड पाठीला कसं लागतं ते मला माहीत आहे, तीस वर्षं मी छप्पर धरलं होतं. इथे माझ्या पाठीला लागत होता रंग. चांगला, जाड, प्रेमाने लावलेला रंग. त्याच्या आत फारसं काही उरलं नव्हतं.

पहिले काही महिने माझ्या कौतुकाचे गेले, आणि ते मी मनापासून उपभोगले, खोटं कशाला बोलू. रुग्णालयाच्या गाड्या लावायच्या जागेत लोक थांबून मला ठोकून बघत. “कुठे बनवला?” विचारत. तिथला रखवालदार तर दर खेपेला माझ्यावर बसून चहा पिई आणि इतर गाड्यांच्या बंपरना नावं ठेवी. मंगळवारी आणि गुरुवारी म्हातारी शाळेच्या आवारात उभी असे. चिमणीला फार वेळ उभं राहवत नसे, म्हणून ती माझ्यावर बसून शिकवायची. माझ्याच अंगावर खडूने अपूर्णांक लिहायची. पाच अष्टमांश मला तेव्हापासून येतं.

पण एक गोष्ट मला पहिल्याच दिवशी समजली होती. ती पायरीवर पाय ठेवायची त्याआधी एक क्षण थांबायची. मग दाराची कड धरायची, श्वास आत ओढायची आणि पाय हाताने उचलल्यासारखा वर आणायची. दोनशे सत्तर तिला जमत नव्हतं. त्या दिवशी भिंतीपाशीही जमलं नव्हतं. तिने दातावर दात दाबून ते दाखवलं होतं. दादा पुढे गाडी चालू करण्यात गुंतलेला असे. “बसलीस का?” तो विचारी. “कधीच,” ती म्हणे. तिच्या कपाळावरचा घाम माझ्यावर पडे. दोनदा तिची नडगी माझ्या कडेवर आपटली. तिने मोजे वर ओढून घेतले आणि कुणाला दाखवली नाही.

अशी तीन वर्षं गेली. दर खेपेला दोनदा ओढा, जाताना आणि येताना. दर खेपेला पाणी आणि चिखल त्या हाडांच्या आत जाऊन बसे. काळी साल बाहेरून धड होती, म्हणून आत गेलेलं पाणी बाहेर पडत नव्हतं. दादा वर्षातून एकदा रविवारी गाडीखाली झोपून पुन्हा हात मारी. धुऊन, पुसून, पण ओल्यावरच. तोच माणूस लोकांच्या भिंती रंगवताना ओल दिसली तर काम थांबवायचा, घरमालकाशी भांडायचा, आठ-आठ दिवस भिंत वाळू द्यायचा. म्हातारीला द्यायला त्याच्याकडे आठ दिवस नव्हते. सलग दोन दिवसांपेक्षा जास्त कधीच नव्हते. मला त्याचा राग येई आणि कीवही येई.

मी गप्प बसलो नाही हं. बोल्टांची भोकं मोठी होऊ लागली तसा मी कुरकुरायला लागलो. प्रत्येक खड्ड्यात करकर, करकर. मला वाटलं, आता तरी कुणी खाली वाकून बघेल. दादा वाकला. त्याने बोटावर ग्रीस घेतलं आणि माझ्या जोडांत भरलं. कुरकुर बंद झाली. “हं, आता कशी गप्प बसलास,” तो म्हणाला आणि माझ्यावर प्रेमाने थाप मारली. त्या थापेने उजवीकडचा एक बोल्ट आत एक कणभर सरकला. मला ओरडावंसं वाटलं.

मग मी डावीकडून कलायला लागलो. दादाने रबराची चकती घातली आणि मी सरळ झालो. मी हरलो, मित्रांनो. लोखंडाने याहून जास्त काय करायचं? चिमणी रोज माझ्यावरून चढत होती, उतरत होती, आणि तिच्या दुखण्याबद्दल तीही माझ्याइतकीच मुकी होती. फरक इतकाच की तिला तोंड होतं.

त्या वर्षी वरच्या डोंगरात पावसाने दोन दिवस उसंत दिली नाही. बुधवारी ओढा दोन्ही काठ सोडून वाहत होता. दादा तीनदा काठावर जाऊन आला आणि तिसऱ्यांदा गाडीच्या बॉनेटवर डोकं टेकवून उभा राहिला. बुधवारची खेप चुकली. गुरुवारी मी अंगणात होतो. खिडकीतून चिमणीचा खोकला ऐकू येत होता, ओला, खोलवरचा. तिला आडवं पडवत नव्हतं. उशा पाठीशी लावून ती बसून होती आणि म्हणत होती, “काही नाही रे. सर्दी आहे.”

शुक्रवारी सकाळी पाणी गुडघ्यावर आलं होतं. चिमणीचा चेहरा इतका सुजला होता की डोळे रेघेसारखे दिसत होते. दादाने तिला धरून आणलं. पायरीपाशी ती थांबली, नेहमीसारखी. या वेळी पाय उचललाच गेला नाही. “बूट ओला आहे, घसरतोय,” ती म्हणाली. दादाने तिला काखेत धरून आत चढवली.

म्हातारी ओढ्यात शिरली. निम्मं अंतर गेली असेल. तिथे सिमेंटचा उतार रात्रीतून वाहून गेला होता, आणि पाणी गढूळ असल्यामुळे ते दिसत नव्हतं. मागचं डावं चाक धाडकन खाली गेलं. मी पाण्यात बुडालो. दादाने पुढे रेस केली, मागे रेस केली, चाक जागच्या जागी फिरत राहिलं आणि आणखी खोल गेलं. पाणी मागच्या दाराच्या फटीतून आत येऊ लागलं.

“दादा, पाय भिजले माझे,” चिमणी म्हणाली.

काठावर ट्रॅक्टरवाल्या मावशी होत्या. त्यांचं शेत ओढ्याला लागूनच. पाणी वाढलं की त्या ट्रॅक्टर घेऊन काठावर येऊन बसत, कारण कुणीतरी अडकणार हे त्यांना माहीत असे. मोठ्या आवाजाच्या, कुणाचं ऐकून न घेणाऱ्या. त्यांनी ट्रॅक्टर उलटा करून पाण्याच्या कडेला आणला आणि साखळी फेकली. दादाने पाण्यात छातीपर्यंत वाकून ती माझ्या दोन्ही कड्यांत ओवली.

“बंपर टिकेल ना रे?” त्या ओरडल्या.

“पाच मिलिमीटरचा आहे, मावशी! यासाठीच बनवलाय!” दादाही ओरडला.

तो खरंच बोलत होता. मी टिकणार होतो, म्हणूनच मला रडू येत होतं. साखळी ताणली गेली आणि मला वाटलं, माझ्यात एखादी भेग असती, कडी कच्ची असती, मी आधीच तुटलो असतो तर त्यांनी साखळी दुसरीकडे, खाली चाकांच्या आसाच्या दांड्याला बांधली असती. पण मिलिमीटर मामांचा सांधा. तो कुठला सुटायला!

उजवी बाजू आधी गेली. आवाजसुद्धा झाला नाही, ओला पुठ्ठा फाटतो तसं ते फाटलं. मग डावी. चॅसीची दोन्ही टोकं माझ्या पाठीला चिकटून आली आणि मी साखळीसकट भेलकांडत काठावर जाऊन पडलो. म्हातारी सुटून मागे बसली. आतून चिमणीची एक किंकाळी आली, आणि मग खोकला.

दादा धावत माझ्याजवळ आला. त्याने ती फाटलेली हाडं हातात धरली. बाहेरून काळी, चकचकीत साल, त्याच्याच ब्रशच्या रेघा असलेली. आत लाल चिखल. बोट घातलं तर आरपार गेलं. तो तसाच उभा राहिला. पाणी वाढत होतं, मावशी ओरडत होत्या, आणि तो आपल्या बोटाकडे बघत होता. “ओल्यावर मारला मी,” तो म्हणाला. “ओल्यावरच मारत राहिलो.”

“दादा!” गाडीतून हाक आली. “ते नंतर बघ! मला बाहेर काढ!”

तेव्हा तो हलला. मावशींनी ट्रॅक्टर उलटा घालत म्हातारीच्या मागे आणला, पण उतार जिथे फुटला होता तिथून पुढे येता येईना. ट्रॅक्टरच्या मागे पोती ठेवायची लोखंडी फळी होती. फळी आणि गाडीचं मागचं दार यांच्यामध्ये दीड हात अंतर, आणि त्यात कमरेच्या वर, ओढ घेणारं पाणी.

“लांब पाऊल टाक, मी हात देते!” मावशी म्हणाल्या.

“टाकेल ती,” दादा म्हणाला. “चिमणे, पायरी चढतेस तेवढंच आहे. उचल पाय.”

चिमणी दारात बसली होती. तिने खाली पाण्याकडे पाहिलं, मग भावाकडे. तिचे ओठ निळे पडले होते.

“नाही उचलता येत,” ती म्हणाली.

“अगं एवढं तर—”

“दादा, नाही येत. कधीच नव्हता येत. मामांनी माप घेतलं त्या दिवशीही नव्हता येत. मी खोटं दाखवलं. पाऊल टाकलं तर मी पाण्यात जाईन.”

दादाने दार आणि फळी यांच्यातलं अंतर हातांनी मापलं. मावशींनी काठावर नजर फिरवली. मग दोघंही एकदम माझ्याकडे वळले.

त्यांनी मला उचललं. माझं वजन दोन माणसांनी पाण्यातून उचलण्यासारखं नाही, पण त्यांनी उचललं. माझं एक टोक गाडीच्या दारात, दुसरं ट्रॅक्टरच्या फळीवर. पायरी दुमडून वर घेतली. गोदाम सुटल्यापासून पहिल्यांदाच मी पुन्हा दोन टोकांवर टेकून आडवा झालो. चिमणी बसल्या बसल्या माझ्यावर सरकली. दादा छातीभर पाण्यात उभा राहून तिचे पाय धरून होता. ती मध्ये थांबली, धाप लागली म्हणून. तिचे दोन्ही तळहात माझ्यावर होते. त्या हातांखाली मी तसूभर वाकलो नाही. मग ती पलीकडे गेली, मावशींनी तिला दोरीने स्वतःच्या पाठीशी बांधलं, ट्रॅक्टर वरच्या अंगाच्या दगडांवरून हेलकावत ओढा पार करून गेला. पलीकडच्या चढावर फोन लागतो, रुग्णवाहिका तिथवर येते. दादा त्यांच्यामागे पोहल्यासारखा धावत गेला.

ट्रॅक्टर हलला तेव्हा मी पाण्यात पडलो. माझ्याकडे कुणी वळून पाहिलं नाही, आणि ते बरोबरच होतं.

मी नऊ दिवस ओढ्यात होतो. पाणी उतरलं, चिखल माझ्या पोटात साचला, खेकडे पायरीखाली येऊन राहिले. म्हातारीला कुणीतरी ओढून नेलं. तिची हाडं दुरुस्त होण्यापलीकडे गेली आहेत असं ते लोक बोलत होते. चिमणीबद्दल कुणीच काही बोललं नाही. मी प्रत्येक पावलाकडे कान लावून होतो. मावशी दोनदा काठावरून गेल्या आणि दोन्ही वेळा मुकाट गेल्या. मावशी आणि मुकाट! चिमणी गेली, असं मी धरून चाललो. आपण एवढे भक्कम, आणि आपल्या भक्कमपणावर भरवसा ठेवूनच तिचा घात झाला. लोखंडाला बुडता येत असतं तर मी आणखी खोल बुडालो असतो.

दहाव्या दिवशी दादा आला, मिलिमीटर मामा त्याच्यासोबत. दोघांनी मला बाहेर काढलं आणि दगडावर ठेवलं. दोघांची दाढी वाढलेली. मामांनी माझ्या पाठीला चिकटलेलं हाडाचं टोक पाहिलं, खिशातून स्क्रू-ड्रायव्हर काढला आणि त्यात खुपसला. तीन वर्षं उशिरा.

“मी भुगा पाहिला होता,” ते म्हणाले. “तुला बोललो नाही.”

“तुम्ही बोलला असता तर मी ऐकलं नसतं,” दादा म्हणाला.

मग दादाने पिशवीतून एक पुठ्ठ्याचा तुकडा काढला आणि मामांना दिला. त्यावर पेन्सिलने एक आडवी रेघ होती, आणि रेघेशेजारी आकडा. एकशे दहा.

“नीट घेतलंस माप?” मामांनी विचारलं.

“तिने स्वतः घ्यायला लावलं. तीनदा.”

मित्रांनो, गेलेल्या माणसाच्या पायाचं माप कुणी घेत नाही. तो आकडा मी वाचला आणि उन्हात पडल्या पडल्या माझ्या अंगातलं सगळं पाणी एकदम निथळलं.

म्हातारी परत आली नाही. दादा आणि चिमणी शहरात राहायला आले, रुग्णालयापासून दोन गल्ल्यांवर, तळमजल्यावरच्या एका खोलीत. वस्ती सुटली, शाळा सुटली. खोलीचं दार जमिनीपासून दोनशे वीसवर आहे. त्याच्यासमोर मी आहे, बरोबर एकशे दहावर. मामांनी माझी टोकं कापली, कड्या काढून टाकल्या. दादाने मला खरवडलं आणि मग आठ दिवस उन्हात ठेवलं. नुसतं ठेवलं. लोक विचारायचे, रंग कधी देणार? तो म्हणायचा, “वाळू दे.” रोज येऊन हात लावून बघायचा. नवव्या दिवशी पहिला हात मारला. फाटलेल्या हाडाचा एक तुकडा मामांनी आपल्या वर्कशॉपच्या दारात टांगला आहे. आता कुणी कितीही नावाजलेला कारागीर गाडी घेऊन आला तरी ते आधी त्याच्या देखत स्क्रू-ड्रायव्हर खुपसतात. दोन गिऱ्हाइकं त्यावरून भांडून गेली. मामांनी त्यांना जाऊ दिलं.

चिमणी बरी झालेली नाही, हेही सांगायला हवं. मशीन तेच आहे, सोमवार, बुधवार, शुक्रवार. तिचा पाय आता हळूहळू जड होत चालला आहे आणि मला ते सगळ्यात आधी कळतं. मी तिला थांबवू शकत नाही. पूर्वीसारखंच मला नुसतं पडून राहून कळत राहतं. पण काल सकाळी ती निघाली तेव्हा दारात उभी राहिली, माझ्याकडे पाहिलं, पाय थोडा उचलला आणि खाली ठेवला.

“दादा,” तिने आत हाक मारली. “आज नव्वदच.”

दादा हातातलं काम टाकून आला. त्याने तिचा दंड धरला आणि ती उतरली.

माझं मागणं फार मोठं नाही. तुमच्या घरात एखादी जुनी वस्तू कुरकुरत असेल तर ग्रीस लावण्याआधी एकदा खाली वाकून बघा. रंग लावायचा तर खरवडून लावा, वाळवून लावा. वेळ नसेल तर रंग लावू नका, गंज दिसू द्या. आणि कुणी मोजपट्टी धरून विचारलं की पाय किती उचलता येतो, तर मित्रांनो, जेवढा येतो तेवढाच उचला.